हिराबाई का थांबली

"हिराबाईला मारा आणि मोकळे व्हा!" पोपटशेठ माझ्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते. फाटकाबाहेर टोमॅटोच्या पिकअपची रांग पार हायवेला लागली होती.

हिराबाई माझी बायको. ती मागच्या वर्षी गेली. शेठ बोलत होते ती सर्व्हरमधली, त्याच नावाचा थ्रेड. थ्रेड बंद करण्याला किल करणं म्हणतात. शेठ त्याचं मराठी करतात.

कळंबजवळच्या शेठच्या खरेदी केंद्रावर मी वजनकाट्याला होतो. काट्याला कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटरला सर्व्हर आला, मी तिथंच राहिलो. शिक्षण सातवी. सर्व्हर म्हणजे सगळ्या काट्यांच्या पावत्या करणारं मशीन. त्यात एका वेळी बरीच कामं चालतात. एकेक काम ओढणारा तो थ्रेड. त्यांची नावं लांबलचक इंग्रजी, पुढं आकडे. वाचून चक्कर यायची. म्हणून पुण्याच्या प्रोग्रामर मॅडमनी मला विचारून नावं बदलून दिली. मी हिराच्या टोमॅटो तोडणाऱ्या टोळीतली सांगितली. शांता, कौसा, बायजा, हिराबाई.

त्या दिवशी पावत्याच निघेनात. मॅडमना फोन लावला.

"काका, थ्रेडची यादी उघडा. एकदा बघून भागायचं नाही. क्षणभर कुणीही थांबतं. जरा जरा वेळानं बघा, कोण हलत नाही ते."

"सगळ्याच बसल्यात, मॅडम."

"कुणासाठी?"

प्रत्येकीपुढं एकच लिहिलेलं. लॉक हिराबाईकडं. लॉक म्हणजे किल्ली समजा. एकीनं घेतली की बाकीच्यांनी थांबायचं. मी ते मोठ्यानं वाचलं, शेठना एवढंच ऐकू आलं आणि त्यांचं मारा, मारा सुरू झालं.

मी म्हणालो, "शेठ, तिच्या हातात शिनोलीच्या तुकारामाची पावती हाय. त्याचा माल तोलून बाकीच्यांच्या मालात मिसळला. हिला मारली की त्याचं वजन गेलं. परत काय तोलता, मोकळे क्रेट?"

तुकाराम दारातच उभा. "काका, मारायची न्हाई बरं का!"

"मग काय आरती करू तिची?" शेठ.

फोनवर मॅडम हसल्या. "काका, ती स्वतः कशासाठी थांबलीय, ते वाचा की."

वाचलं. दोन नंबर काट्याचा प्रिंटर.

तिथं गेलो. काट्यावरच्या बाजाबानं प्रिंटरचा प्लग काढून चहाची किटली लावली होती.

"लई गारठा व्हता, राव," तो म्हणाला.

किटली काढली, प्रिंटर लावला. जरा कुरकुरला. तुकारामाची पावती आली, त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. मग धडाधड सगळ्यांच्या आल्या. यादीत शांता, कौसा, बायजा पळायला लागल्या.

तेव्हापासून माझा नियम आहे. थांबलेल्याला मारायच्या आधी त्याचा प्लग कुणी काढलाय ते बघायचं.

बाजाबाचा चहा शेठनीच पिला. बशी खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, तेवढं नाव बदला आता. मारा मारा म्हणायला बरं नाही वाटत."

"राहू द्या, शेठ," मी म्हणालो. "ती इथं तरी रोज भेटती."