मार्सेलिन सिस्टर आणि अंतोनचा प्रवाळ

मार्सेलिन सिस्टर कुणाला भेटल्या की आधी त्याची नखं बघत. विरारच्या मनवेलपाड्याला आम्ही नवीन राहायला आलो, त्या दिवशी समोरचं दार उघडून त्या बाहेर आल्या, माझा हात धरला, बोटं उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "फिकट आहेत. पालेभाजी खात नाही वाटतं?" नाव त्यानंतर विचारलं. वसईजवळच्या होळी गावच्या त्या. मुंबईच्या एका इस्पितळात नर्स म्हणून सगळी नोकरी केलेली. निवृत्त झाल्या तरी आख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणे.

त्यांचे यजमान अंतोन बोटीवर फिटर होते. समुद्र सोडून घरी बसल्यावर त्यांना करमेना, म्हणून त्यांनी हॉलमध्ये काचेची मोठी टाकी बसवली, खाऱ्या पाण्याची. त्यात नारिंगी माशांची एक जोडी आणि फांद्या फुटलेला एक तपकिरी प्रवाळ. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रवाळ घरात ठेवायला आजच्यासारखी बंदी तेव्हा आलेली नव्हती. सिस्टरांनी त्या टाकीत कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. "त्यांची बोट, त्यांचे मासे. मी माझ्या वॉर्डात बरी," म्हणायच्या.

मग अंतोनना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली; समज मात्र शाबूत. सिस्टरांनी त्यांची कॉट हॉलमध्ये आणली, टाकीसमोर लावली. दिवसभर ते प्रवाळाकडे बघत पडलेले असत. बोलणं व्हायचं ते डाव्या हाताने. सिस्टर विचारत, "अंतोन, आज मीठ घालायचं का पाण्यात? हो असेल तर दाबा." हात दाबला तर हो, सैल राहिला तर नाही. नर्सबाईंनी आपल्याच पेशंटकडून, एकेका प्रश्नाने, समुद्र सांभाळण्याची विद्या अशी शिकून घेतली.

त्या वर्षी मे महिन्यात विरारला असा उकाडा झाला की भिंतीला हात लावला तरी चटका बसे. त्यात वीज रोज जायची. माझी शाळेची सुट्टी चालू होती. एके दिवशी सकाळी सिस्टरांनी मला हाक मारली. प्रवाळ पांढराफटक पडला होता. चुन्यात बुडवून काढल्यासारखा.

"मेला का हो?" मी विचारलं.

"पांढरं पडलं म्हणजे मेलं, असं कोण म्हणतं?" सिस्टर चष्मा काचेला टेकवून बघत होत्या. "हे बघ, फांदीवर काचेसारखं पातळ मांस आहे. बारीक बारीक बोटं हलतायत. नुसता रंग गेलाय. पण बुडाशी बघ."

बुडाशी भिजल्या कागदासारखं सालपट सुटत होतं आणि खालचं हाड उघडं पडलं होतं. "हे दुसरं दुखणं," त्या म्हणाल्या. "रंगाबरोबर अन्नही गेलं, म्हणून वरचा भाग उपाशी आहे. खालचा सडतोय. दोन्हींवर एकच औषध चालणार नाही."

वॉर्ड चालवायच्या तशी त्यांनी कामं लावली. टाकीवरची एक ट्यूबलाइट बंद केली. पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडला. बर्फाच्या बाटल्या तरंगत ठेवल्या, त्याही एकेक करून. मी घाईने दोन एकदम टाकायला गेले तर हात अडवला. "तापलेल्या माणसाला कुणी बर्फात बुडवतं का? हळूहळू." अंतोनचा कोळी दोस्त पास्कू अर्नाळ्याहून रिकामे कॅन घेऊन आला. "काठाचं पानी गढूल हाय, सिस्टर. बोट लांब गेली का तिथलं भरून आनतो, साफ." आणि आणलंही त्याने, जिने चढून.

वीज गेली की टाकीतला हवेचा पंप बंद पडे. तेव्हा सिस्टर स्टुलावर चढून स्टीलच्या तांब्याने पाणी उचलत आणि उंचावरून परत टाकीत ओतत, हवा मिसळावी म्हणून. थकल्या की मी, मग तळमजल्यावरच्या सावंत वहिनी. एकदा वहिनींचे यजमान दारात उभे राहून हसले, "सिस्टर, दगडाची सेवा चाललीय?"

सिस्टर तांब्या न थांबवता म्हणाल्या, "दगड कधी सडत नाही, काका. हा सडतोय, म्हणजे जिवंत आहे. आलाच आहात तर धरा तांब्या." काकांनी धरला.

एवढं करूनही बुडाची सड वर सरकत राहिली. शेवटी सिस्टर कॉटवर अंतोनजवळ बसल्या. हात हातात घेतला.

"अंतोन, कापावं लागेल. सडलेल्या जागेवर नाही, वर, चांगल्या मांसात. नाहीतर सगळा जाईल. कापू?"

हात सैलच राहिला. अंतोन प्रवाळाकडे बघत होते.

"तुमचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर हात लावणार नाही." सिस्टरांनी त्यांचा हात तसाच धरून ठेवला. "पण मी पाय कापलेली माणसं पाहिलीत. घरी चालत गेलेली."

मग ती डावी बोटं हळूच मिटली.

सिस्टरांनी पक्कड उकळून घेतली. सड न लागलेल्या तीन फांद्या छाटल्या, आयोडीनच्या पाण्यात बुडवल्या, स्वच्छ दगडावर बसवल्या. उरलेलं बूड टाकीबाहेर काढलं तेव्हा खोलीभर कुजका वास सुटला. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. अंतोनना म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. आता पेशंट जेवला पाहिजे." कोळंबीचा अगदी बारीक कीस करून त्या ड्रॉपरने त्या पांढऱ्या फांद्यांना भरवत.

पहिली फांदी गेली. काही दिवसांनी दुसरीचंही सालपट सुटलं. ती उचलून फेकताना सिस्टर म्हणाल्या, "एक पेशंट उरलाय ना? मग एकाची ड्यूटी." तोच पंखा, तोच बर्फ, तोच ड्रॉपर. पाऊसपाणी होऊन हवा गार झाली तरी त्यांनी काही सोडलं नाही.

एका सकाळी अंतोनना कुशीवर वळवताना सिस्टर एकदम थांबल्या. मला हाक मारली. अंतोन त्यांचा हात दाबत होते. पुन्हा पुन्हा. त्यांना काहीच विचारलेलं नव्हतं. आम्ही टाकीकडे पाहिलं. त्या उरलेल्या फांदीच्या खोबणीत चहाच्या डागासारखा तपकिरी रंग धरला होता. सिस्टर नवऱ्याच्या उशाशी बसल्या आणि ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढच्या वर्षी अंतोन गेले. कबरस्तानातून माती देऊन परत आल्यावर सिस्टरांचे दीर हॉलमध्ये बसून म्हणाले, "वहिनी, आता हे टाकीचं लचांड काढून टाका. खूप केलंत. मोकळ्या व्हा."

सिस्टरांनी काळ्या साडीचा पदर खोचला, कोपरापर्यंत हात धुतले आणि टाकीवरची काच बाजूला केली. प्रवाळाला आता चार नवे कोंब आले होते.

"आत्ता कुठे मला हे जमायला लागलंय, भाऊजी," त्या म्हणाल्या, "आणि आता सोडू?"