मशीन उष्टं होऊ नये म्हणून

विज्ञानाच्या इतिहासात असे काही क्षण येतात, ज्यांच्या आधी अंधार असतो आणि नंतर उजेड. आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत असा क्षण सकाळी साडेअकराला ठरला होता. प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे अध्यक्ष होते आणि साडेअकराला ते साताऱ्यात दुसऱ्याच एका क्षणासाठी नारळ फोडत होते.

माझी वीस वर्षं लिम्फोमात गेली, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींनाच होणाऱ्या कॅन्सरच्या अभ्यासात. नातेवाइकांना मी तो फ्लेक्सवरून समजावते. चौकात दहा फ्लेक्सवर दहा चेहरे असतील, तर गाव ठीक आहे. सगळ्यांवर एकच चेहरा दिसू लागला, की दुखणं समजावं. निरोगी गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी असतात. लिम्फोमात एकाच पेशीच्या प्रती गाठभर पसरतात. ही शिरगणती करणारं मशीन आमच्याकडे आलं होतं. इंजिनिअर ते लावून, तपासून गेला, त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून ते लाल फीत आणि झेंडूची माळ घालून बसलं होतं. पाहुण्यांची तारीख दोनदा बदलली, म्हणून माळही दोनदा बदलली.

बारा वाजता जतहून एक बाई आल्या. हातात बर्फाचा थर्मास, त्यात एक छोटी बाटली. नवरा मेंढपाळ, त्याच्या मानेतली गाठ तिथल्या सर्जननी सकाळी काढली होती.

"आवं म्याडम, ह्यातलं जित्तं हाय तवर बघा म्हनल्यात डाक्टर. न्हाईतर मालकांची मान परत कापाय लागंल."

खरंच होतं. पुण्याला पाठवेपर्यंत पेशी मेल्या असत्या. मी संचालकांकडे गेले.

"पाहुण्यांच्या आधी वापरलं तर मशीन उष्टं होईल," ते म्हणाले. संचालक परदेशात शिकून आले आहेत.

बाई माझ्या मागोमाग आत आल्या होत्या. "पावनं डाक्टर हायत व्हय?"

"नाही, कारखान्याचे अध्यक्ष आहेत."

"मग त्यास्नी ह्यातलं काय कळनार? उसाचं कांडं हाय व्हय त्ये?"

आमचे तंत्रज्ञ फौजेतून निवृत्त झालेले. ते दारातून म्हणाले, "सर, परेडच्या आधी रिहर्सल असते. रिहर्सलनं परेड उष्टी होत न्हाई."

संचालकांचा चेहरा खुलला. "मग रिहर्सल करा. फक्त रिपोर्ट छापू नका. रिहर्सलचा रिपोर्ट नसतो."

आम्ही फीत थोडी वर सरकवली आणि गाठीतल्या पेशींची नळी आत लावली. पडद्यावर एकेका पेशीचा एकेक ठिपका उमटतो, ते पसरायला हवे होते. ते एकाच कोपऱ्यात गोळा होऊन बसले. लिम्फोमा होता. पण ज्याला औषध चांगलं लागू पडतं, अशा जातीचा. मी बाईंना दोन्ही गोष्टी त्याच क्रमाने सांगितल्या.

"मंजी औषीद हाय?"

"आहे."

"मग कागद द्या."

कागदाशिवाय कॅन्सरच्या वॉर्डात खाट मिळत नाही, हे त्या जतहूनच विचारून आल्या होत्या. मी संचालकांचं छपाईबद्दलचं शास्त्रीय मत त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या पहिल्या रांगेत, मान्यवरांसाठी राखीव असलेल्या खुर्चीवर मांडीत थर्मास घेऊन बसल्या. उठवायला दोघं आले.

"माजं काम झालं की उठते," बाई म्हणाल्या. दोघं दुसरीकडे कामाला गेले.

पाहुणे पावणेचारला आले. फीत कापली, शाल स्वीकारली आणि कॅन्सर या विषयावर बोलताना ठिबक सिंचनाचं महत्त्व सांगितलं. मग मशीनकडे वळून म्हणाले, "कुठलं बटण दाबू?"

अडचण अशी की मशीन सुरू केलं, तर पंधरा मिनिटं बघण्यासारखं काहीच घडत नाही, आणि फोटोग्राफर तयार होता. तंत्रज्ञांनी संचालकांकडे न बघता एका बटणावर बोट ठेवलं. पाहुण्यांनी ते दाबलं. घरघर झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

ते बटण शेजारच्या प्रिंटरचं होतं. त्यातून निघालेल्या कागदावर मी सही केली आणि बाई साडेचारच्या एसटीने जतला गेल्या.