झिपऱ्यांच्या रेकॉर्डचा काळा भाग

सौंसरात आज जो कोणी पन्नाशी ओलांडून बसला आहे, त्याला जर्मनीचं एक वाजवणं तोंडपाठ आहे. ते जर्मनीचं आहे एवढं मात्र त्याला माहीत नाही. आधी धप, धप-धप, मग मधातच पेटीसारखं काहीतरी टुणटुणणार, मग झांजा सळसळणार. ते ऐकू आलं की आम्ही पोट्टे ताटावरून उठून पळायचो. कुठंतरी मांडव उभा राहिला, तारा ओढल्या, भोंगा लिंबावर चढला.

"झिपरे वाजून राहिले बे, चाल!"

झिपरे म्हणजे रेकॉर्डच्या खोळीवरचे तिघं गोरे. केस खांद्यापर्यंत, उभे बर्फात, आणि तोंडं अशी की मयतीला आलेत आणि तिरडी अजून बांधायची आहे. मँगनीजच्या खाणीवर एक जर्मन साहेब मशीन बसवायला आला होता. जाताना दोन रेकॉर्ड बंगल्यातच टाकून गेला. बंगल्याच्या चौकीदारानं त्या शालिकरामला दिल्या. एक मोहगावच्या लग्नात उन्हात राहिली आणि पापडासारखी वाकली. दुसरी टिकली.

शालिकराम सोमकुवर आणि दादाराव गजभिये, या दोघांची मिळून 'मैत्री साऊंड सर्विस' होती. लग्न असो, जयंती असो, गणपती असो, बोलावणं त्यांनाच. आणि टेस्टिंगला झिपरे. कारण साधं होतं. आधी कोणतं गाणं लावायचं यावरून मांडवात भांडणं होत. पोरीकडच्यांचं लावलं की पोराकडचे फुगले. झिपऱ्यांच्या वाजवण्यात एक शब्द नाही, तर फुगणार कोण? शिवाय जाड, मधला, बारीक असे सगळे आवाज त्यात होते. भोंगा फाटून राहिला का, ते लगेच कळायचं.

पण टेस्टिंग ती टेस्टिंग. वाजवणं रंगात येतं न येतं तोच कोणीतरी ओरडे, "नवरदेव आला!" आणि दादाराव सुई उचले. दर वेळी तिथंच, जवळपास त्याच जागी. वर्षानुवर्षं असं झालं आणि रेकॉर्डचा बाहेरचा भाग सुईनं घासून राखाडी पडला. त्याच्या आत मात्र ती काळी, चकचकीत, कोरी. तिथं सुई कधी पोचलीच नाही.

आत काय असेल, यावरून दोघांची शर्यत लागलेली.

"असंच असंल बे धप-धप," दादाराव म्हणे. "झिपऱ्यायले दुसरं येते काय?"

"पुढं कायतरी येगळं हाये," शालिकराम म्हणे. "एवढ्या लांबून आणली साहेबानं, ते का असंच?"

हरेल त्यानं भोंग्यावरून 'मी बयताड हावो' म्हणायचं, असं ठरलं. बयताड म्हणजे बावळट, येडा. पण ऐकायला सवड सापडली नाही. एका मांडवातून दुसऱ्या मांडवात, तिथून तिसऱ्या.

मग डीजे आले. दादाराव म्हणाला, कर्ज काढू, स्पीकरचे मोठे डब्बे घेऊ. शालिकराम म्हणाला, नाही. दोघंही असं काही बोलले की ते परत घेता येत नाही. वाटणी झाली. दादारावनं मशीन घेतलं, शालिकरामनं रेकॉर्ड घेतल्या. दोघंही शहाणे होते. मशीनबिगर रेकॉर्ड वाजत नाही आणि रेकॉर्डबिगर मशीन, हे कळूनच वाटणी केली. दादाराव बायकोच्या माहेरी, पांढुर्ण्याला गेला. मध्ये तासाभराचा रस्ता. पण गेलं कोण?

शालिकरामची बायको प्रमिला वारली. पोरगा सुमेध नागपुरात नोकरीला, जमलं तर रविवारी येतो. सून पल्लवी सकाळी अंगणवाडीत जाते, ती दुपार कलल्यावर परतते. शालिकरामला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून शेजारीही आता मोठ्यानं बोलायचा कंटाळा करून हातानंच रामराम करतात. शालिकराम दारात खुर्ची टाकून संत्र्याचे ट्रक पाहत बसतो.

यंदा पोताई करायला, म्हणजे भिंतींना चुना मारायला, पल्लवीनं माळ्यावरची पेटी उतरवली, तर झिपरे निघाले. तिनं खोळीचा फोटो काढून मोबाईलवर शोधलं.

"मामाजी, हे तं जर्मनीचे होत. तिघंच होते. दोन रेकॉर्ड काढल्या न् फुटले. तिकडंबी कोनाले माहीत नाही म्हन्ते."

"भांडले असंल," शालिकराम म्हणाला.

"याचं वाजवनं मोबाईलवर नाही भेटून राहिलं. तुमच्या पोराले सांगू का, नवीन मशीन मागवतीन."

"नोको. दादारावच्या मागं आयकलं तं शर्यत कायची? तो म्हनंल, लबाड बोलून राहिला."

तिनं कुठून तरी नंबर मिळवला. फोन दादारावची बायको मीना हिनं उचलला. "या ना भाऊजी. ते घरीच राह्यते."

शालिकरामनं दाढी केली, रेकॉर्ड टॉवेलात गुंडाळली आणि बस धरली. पांढुर्ण्यापर्यंत ती मांडीवरच ठेवली. शेजारचा म्हणाला, "काका, मोठ्ठी भाकर घेऊन चालले का?"

दादाराव पलंगावर बसला होता. वाळून काडी झालेला. शालिकरामला पाहून तो हसला, मग मोठ्यानं ओरडला, "मेला नाही का बे तू?"

"तुयाआधी कसा मरू?"

दादाराव नुसता पाहत राहिला. मीना म्हणाली, "भाऊजी, त्यायले कायीच आयकू येत नाही. दोन्ही कान गेले. जनमभर भोंग्याले कान लावून उभे राह्यत होते ना."

"फोनवर काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी आले असते?"

शालिकरामनं टॉवेल सोडला. दादारावनं रेकॉर्ड ओळखली, हात पुढं केले, उजेडात तिरपी धरली. राखाडी कुठं संपते आणि काळं कुठं लागतं, त्यावर बोट ठेवलं. मग मीनाला खूण केली. तिनं कोपऱ्यातल्या मशीनवरची चादर काढली. मशीन लख्ख होतं.

"तेच दर आठवड्याले पुसते, तेल देते," मीना म्हणाली. "चालू करते, फिरताना पाह्यते न् बंद करते."

सुई टेकली. धप, धप-धप. राखाडी भागात एवढी खरखर की जाड आवाजही झिजलेला. शालिकराम चांगला कान डब्ब्याकडं करून वाकला. दादाराव सुईकडं बघून राहिला. जुनी जागा आली आणि दादारावचा हात आपोआप उचलायला गेला. शालिकरामनं मनगट धरलं.

सुई काळ्यात गेली. खरखर थांबली. त्याबरोबर धप-धपही थांबलं, झांजाही. दोघं जण वाजवता वाजवता उठून गेल्यासारखे. उरला एकटा पेटीवाला. तो घाई न करता एकेक सूर ठेवत गेला, मध्ये मोठी जागा सोडून, जणू कोणी परत येते का पाहून राहिला. कोणी आलं नाही. तो तसाच वाजवत रेकॉर्डच्या शेवटापर्यंत गेला.

"काय हाये बे पुढं?" दादाराव ओरडला.

"येगळं हाये!" शालिकराम त्याच्या कानाशी ओरडला. "दोघं थांबले! एकच वाजवून राहिला!"

"आं?"

शालिकरामनं बोटं दाखवली. तीन. मग दोन मिटली. एक उरलं.

"एक काय? एक वाजला?" दादारावनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

शालिकरामनं हवेत बोटं नाचवली, पेटी वाजवून दाखवली. दादाराव गोंधळून मीनाकडं बघायला लागला.

"भाऊजी," मीना म्हणाली, "त्यायले फक्त होय-नाही समजते."

दादारावनं शालिकरामची बाही ओढली. "मी म्हनलो तसंच ना? धप-धपच ना?"

शालिकरामनं त्याच्याकडं पाहिलं. मग मान हलवली. होय.

दादारावनं मांडीवर थाप मारली. "म्हनलं नव्हतं? म्हन आता! म्हन!"

शालिकराम त्याच्या समोर गेला, तोंड नीट दिसेल असं धरून, सावकाश म्हणाला, "मी बयताड हावो."

हे मात्र दादारावला ओठांवरून पुरं कळलं. तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली, आणि मीना पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर त्यानं रेकॉर्ड खोळीत घातली आणि मशीनच्या बाजूला उभी करून ठेवली. "राहू दे इथंच. मशीनसंगं." हरलेला माणूस काय बोलणार? शालिकरामनं चहा घेतला, रिकामा टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघाला.

बसमध्ये खिडकीशी बसून तो पेटीवाल्याचे सूर मनात जुळवू पाहत होता. पहिला आठवला, दुसरा आठवला. तिसरा बसच्या आवाजात गेला. पुन्हा पहिल्यापासून धरला, तर दुसराही खरा की आपलाच लावलेला, ते कळेना. एकदाच ऐकलेलं, तेही एका कानानं.

घरी पल्लवी वाट पाहत होती. "काय होतं मामाजी पुढं?"

शालिकरामनं तोंड उघडलं. निघालं ते धप, धप-धप.