पालथी वाटी

"पानी कोनं चाखलं?" पाटलीणबाईंनी विचारलं, आणि मी मायकडे बोट दाखवलं.

चाखलं होतं मी.

आमची वस्ती पंधरा घरांची, गावाबाहेर, पैनगंगेच्या एका वळणावर. समोर पांढऱ्या रेतीचा भलामोठा पट्टा. आमच्याकडच्या मालेगावच्या रस्त्यापासून इतका लांब की तिकडे परकं माणूस फिरकायचं नाही. उन्हाळ्यात धार आटली की गावाला त्या रेतीतलंच पाणी. हात-दीड हात खड्डा उकरायचा, गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, की खालून स्वच्छ पाणी झिरपतं. हा झिरा. मोठ्या घरांचे झिरे उकरायचं काम आमच्या बायकांचं. उकरून झालं की आम्ही बाजूला व्हायचं, पाटलीणबाई गोमूत्र शिंपडायच्या आणि घागरी भरून न्यायच्या. आमचे हात चालायचे, आमचं तोंड चालायचं नाही. आमचा झिरा खालच्या अंगाला, म्हशींच्या डबक्याजवळ. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली होती म्हणे.

मी नऊ वर्षांची. सकाळपासून मायबरोबर उकरत होते. नखांत रेती, घशाला कोरड. पाणी नितळलं आणि मला राहवलं नाही. उपसून झालं की वाटी पालथी घालायची रीत होती. मी पिऊन घाईत उताणीच ठेवली. तळाशी घोटभर पाणी राहिलं, आणि पाटलीणबाईंना तेच दिसलं.

मायनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं, बाई."

"नाक घास रेतीत. अन् बुजव हा झिरा, तुह्याच हातानं. दुसरा उकर."

मायनं नाक घासलं. रेती तापलेली होती. मी उभी राहून पाहत होते. घाबरले होते, हे खरं. पण आपण सुटलो म्हणून बरंही वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

मायच्या नाकाचं सालटं निघालं होतं. घरी ती एवढंच म्हणाली, "तुले मारलं असतं त्यायनं." तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे चार उन्हाळे मी खाली मान घालून उकरत राहिले. पाचव्या उन्हाळ्यात मायचे गुडघे धरले होते, ती कडेला बसून होती. पाणी नितळलं. पाटलीणबाई घागर घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोर वाटी भरली आणि घटाघटा प्यायले.

"हे काय केलं व?"

"पेली. तवाबी मीच पेली होती. मायनं नोतं पेलं."

"बुजव."

"नाही बुजवत."

मायनं शाबासकी दिली नाही. "आता खाशीन काय?" म्हणाली. तिचं खरंच होतं. त्या वर्षी आम्हाला कुणी कामावर बोलावलं नाही.

मायची माफी मी कधी मागितली नाही. जीभच रेटली नाही, आणि आता माय नाही. ही लाज माझी आहे, ती मी कुणाच्या पदरात टाकणार नाही. पण त्या दिवसापासून मी उकरलेल्या झिऱ्याची पहिली वाटी मीच पिते. आणि वाटी पालथी घालत नाही.