मिठाची सायकल

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमचं पहिलं लेकरू पाळण्यातच गेलं होतं. दुसरी पोरगी सदा तापानं फणफणलेली, दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना. बायको देवीला बोलून बसली की पोर पायावर चालली तर रामनवमीला समुद्राचं मीठ तुझ्या पायाशी वाहू. दुकानातलं नव्हे, मिठागरातलं. पोरगी चालली. म्हणजे आता चालायची पाळी माझी. नवस चुकला तर देवी दिलेलं परत नेते, असं बायकोचं म्हणणं. मी मानत नव्हतो. पण ती रात्री पोरीच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची, ते मी पाहत होतो.

आम्ही महागावाकडच्या तांड्यातले. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून कोकणातून इकडं आणायचे. तो धंदा कधीच मोडला. तांड्यात मीठ वाहिलेला एकही माणूस जिवंत नव्हता, त्यामुळं सल्ला देणारे भरपूर. तांड्याच्या नायकानं ठरवलं की सासऱ्यानं मला दिलेली सायकल हाच बैल. दोन्ही बाजूंना सारख्या गोण्या, गोण्यांखाली काही अंथरायचं नाही, मिठाला हवा लागली पाहिजे. शिवाय जुन्या मुक्कामांवर चिमूट चिमूट मीठ ठेवत यायचं. ते मुक्काम त्यानं आजाच्या तोंडून ऐकलेले: एक चिंच, एक बारव, एक हत्तीएवढा धोंडा. स्वतः तो पुसदच्या पलीकडं गेलेला नव्हता.

जाताना सायकल रेल्वेत घातली. पेणकडं समुद्र पाहिला. एवढा मोठा कारभार, आणि घोटभर प्यायच्या कामाचा नाही. आगरातून ओलं मीठ भरलं नि निघालो.

घाट ढकलत चढलो. नगरच्या पुढं चिंच सापडली, तिच्याखाली पोलीस चौकी. बुंध्याशी मीठ ठेवलं तर शिपायाला वाटलं मी करणी करून राह्यलो. दुपारभर बसवून ठेवलं. देवी भक्ताची परीक्षा घेते म्हणतात. तिनं नायकाची घ्यायला पाहिजे होती. बारव आणि धोंड्याचा नाद मी तिथंच सोडला.

गोण्यांतून खारं पाणी ठिबकायचं ते सरळ चेनवर. जालन्यापर्यंत चेन लालभडक. तिथल्या सायकलवाल्यानं चाक फिरवलं, गोणीला बोट लावून चाटलं आणि विचारलं, "भाऊ, तुमचं वैर कोणाशी आहे, सायकलशी का स्वतःशी?"

आमचे पूर्वज असंच न्यायचे, असं मी सांगितलं.

"त्यांचे बैल गंजत नसतील," तो म्हणाला.

वाशीमच्या अलीकडं चेन तुटली. रामनवमी दुसऱ्या दिवशी. मग रात्रभर सायकल ढकलत चाललो. बैल मागं आणि ओझं पुढं, असं ते दृश्य. पाय फुटले. कधी नव्हे ते देवीला शिव्या घातल्या आणि लगेच त्या परतही घेतल्या, उगाच पोरीवर नको.

दिवस कलता कलता देवीच्या ठाण्यावर पोचलो. बायको पोरीला कडेवर घेऊन सकाळपासून पायरीवर उभी होती. तिनं आधी गोण्या पाहिल्या, मग मला. अर्ध्याहून जास्त मीठ वाटेतच विरघळलं होतं. नायक शेजारीच. त्यानं पहिलं काय विचारावं, तर सगळ्या मुक्कामांवर मीठ ठेवलं का.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "सारी वाट ठिबकत आले ना ते. एकही मुक्काम सुटला नसन. तुमी बाजूले सरका नायकबापू, देवीले दिसू द्या."

मीठ वाहिलं. सायकल भंगारात गेली. पुढं भाजी कधी अळणी झाली आणि मी कुरकुरलो, की ती म्हणायची, "जा मंग, घेऊन या समुद्रावरून."

गेल्या पोळ्याला ती गेली. आता ती पोरगी, स्वतः आजी झालेली, सासरहून येते आणि मिठाची बरणी लपवून ठेवते. डाक्टरनं माझं मीठ तोडलं आहे.

"बा, मीठ म्हणजे जहर आहे तुमाले," म्हणते.

मी म्हटलं, "तुह्या मायले विचार."

मग दोघांनीही अळणी वरण खाल्लं.