धारूरच्या रस्त्यावर कोणतं पेडल?

रविवारी उजाडायच्या आत बीड सोडलं, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत पंक्चरचं सामान, डब्यात दशम्या आणि साध्या, सपाट पेडलची एक जोडी होती. सायकलला मात्र नवी, अडकणारी पेडल बसवली होती. बुटाच्या तळव्याला एक पट्टी असते, ती या पेडलमध्ये खटकन बसते. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या अंगाला वळवायची. आमच्या सायकल ग्रुपमधल्या जाणकारांचं मत असं, की रोड सायकल घेऊन साधी पेडल ठेवणं म्हणजे पैठणी नेसून पायात रबरी चपला घालणं. मी नवशिकी. औषधाच्या दुकानात बसून बसून गुडघे आखडले म्हणून सायकलीच्या नादी लागलेली. ऐकलं त्यांचं.

पण जायचं कारण पेडलचं नव्हतं. धारूरच्या पुढे माझ्या चुलत सासऱ्यांचं, आप्पांचं गाव आहे. त्यांची नात सोनाली धारूरच्या कॉलेजात अकरावीला. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, एसटी येईल तेव्हा खरी, त्यामुळे पोरीचे तास बुडत होते. घरात सायकल असून आप्पा ती काढू देईनात. मी फोनवर जोरात सांगून बसले होते, "आप्पा, बाईमाणूस सायकलवर नीट येऊ शकतं की नाही, ते मी बीडहून येऊनच दाखवते." त्यामुळे पडून चालणार नव्हतं.

वडवणीपर्यंत रस्ता सरळ. तेलगावला चहाला थांबले. शेजारी ऊसतोडीचा ट्रॅक्टर उभा होता, दोन ट्रॉल्या, वर गाद्या, भांडी, शेळ्या. बुटांच्या पट्ट्या फरशीवर टकटक वाजायला लागल्या तशी ट्रॉलीतली एक बाई वाकून बघायला लागली.

"ताई, बुटाला नाल मारलाय का काय?"

"सायकलीत पाय अडकवायला आहे ते."

"पाय कावून (का) अडकवायचा? पडल्याव मग?"

"सवय झाली की नाही पडत."

ती हसली आणि शेजारणीला म्हणाली, "आमचे सात कोयते हायेत गाडीत, पर असं कुणीच पाय बांधून घेत न्हाई." (कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. इकडे माणसं अशीच मोजतात.) तिने चार सीताफळं माझ्या हातात कोंबली. नको म्हणायची सोय नव्हती.

धारूरच्या घाटात मात्र नव्या पेडलचे पैसे वसूल झाले. एक पाय दाबतो तेव्हा दुसरा वर ओढतो, आणि चढ निम्मा झाल्यासारखा वाटतो. अरुंद वळणावर समोरून भरलेला ट्रॅक्टर आला, तेव्हा पायही वेळेवर सुटला. कडेला उभी राहून मी खाली पाहिलं. दऱ्यांत सीताफळीची झाडी, मागे पिवळं पडलेलं माळरान. फार बरं वाटलं. थोडी हवाही गेली डोक्यात.

गावाच्या तोंडाशी पार आहे. पारावर आप्पा चारचौघांत बसलेले. थोरल्या माणसासमोरून सायकलवर बसून जायचं नाही, उतरून चालत जायचं, ही तिकडची रीत. मी तर सून. आप्पा दिसताच अंगात वीज गेल्यासारखी उतरायला गेले. डावा पाय सुटला, तोल उजवीकडे गेला, आणि उजवा पाय सुटेचना. सायकलीसकट आप्पांच्या पुढ्यात आडवी झाले.

"आप्पा, सुनेनं साष्टांग घातला की!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. सोनाली धावत आली आणि माझा बूट ओढायला लागली. तिचा चेहरा बघवेना. कोपर सोलवटलं होतं, पण त्यापेक्षा लाज जास्त झोंबत होती. पोरीचं मी वाटोळं केलं असंच वाटलं.

"उतरलीस कावून?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही बसला होतात ना."

दुपारी भाकरी, पिठलं, ठेचा झाला, तरी सायकलीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

सोमवारी सकाळी अंगणात मी पेडल बदलायला बसले. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून आधी ते आणखी घट्ट करून ठेवलं. आप्पा येऊन उभे राहिले.

"आता काय बदललं?"

"आता पाय कधीही टेकवता येतो."

"आन सोनीच्या सायकलीला?"

"तिच्या सायकलीला पहिल्यापासून हेच आहे."

"तिचा बाप इचारील मला, कुणाच्या भरवशावर सोडली म्हणून," असं म्हणत ते काठी घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पण सोनालीच्या आजीने तिला डबा दिला आणि डोळ्यांनीच 'जा' म्हटलं. मग आम्ही दोघी निघालो.

पारावर आप्पा बसलेच होते. सोनालीने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला लावला. मीही.

"ए! उतरायचं न्हाई!" आप्पा ओरडले. "म्या बसलो असलो तरी न्हाई. कुणी बी बसलं असलं तरी न्हाई. सरळ कडंनं जायाचं आन सरळ यायाचं."

सोनाली पुन्हा सीटवर बसली आणि आजोबांसमोरून, मान खाली न घालता, गेली. मी मागे होते म्हणून मला आप्पा दिसले. ती वळणापर्यंत दिसावी म्हणून ते काठी टेकून उभे राहिले होते.

धारूरला ती कॉलेजकडे वळली आणि मी घाट उतरून संध्याकाळच्या आत बीडला पोचले. ग्रुपवर नवे लोक अजून विचारतात, कोणती पेडल घेऊ? घाट चढायचा असेल तर अडकणारी चांगलीच, मी नाही म्हणत नाही. पण मी आधी विचारते, तुमच्या रस्त्यावर कुणाकुणासाठी उतरावं लागतं? मी अजून साध्याच पेडलवर आहे, मला बऱ्याच जणांसाठी उतरावं लागतं. सोनालीला आता कुणासाठीच उतरावं लागत नाही.