दुधाच्या पिशव्यांचा बाक

आमच्या इमारतीत प्लॅस्टिकचा पुनर्वापर सुरू झाला तो पर्यावरणाच्या कळवळ्यातून, असं आमचे अध्यक्ष सांगतात. सांगू देत. तो सुरू झाला एका स्टुलावरून, आणि ते स्टूल आमचं होतं.

नारायण पेठेतली ही इमारत बांधली तेव्हा लिफ्टचा शोध लागला होता, पण आमच्या बिल्डरला कोणी कळवलं नसावं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जिना चढायला-उतरायला हरकत नाही, फक्त मध्ये बसून दम खायचा. म्हणून मी जिन्याच्या मधल्या वळणावर स्टूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दाराशी परत आलं आणि वळणावरच्या भिंतीवर कागद लागला: 'जिना सर्वांचा आहे. वस्तू ठेवून तो स्वतःचा करू नये.' खाली अध्यक्षांची सही. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले, पण काउंटर सोबत घेऊन आले.

सासूबाईंना खाली जायचं होतं ते काही देवदर्शनाला नव्हे. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांची मैत्रीण राहायची. दोघी एकाच सुमारास सुना म्हणून या गल्लीत आल्या, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मैत्रिणीच्या दारात बसून गल्लीची उणीदुणी काढत आल्या. ऑपरेशननंतर सासूबाई गॅलरीत, मैत्रीण दारात आणि दोघींच्या कानाला फोन. समोरासमोर दिसत असताना फोनवर बोलणाऱ्या बायका मी तेव्हाच पाहिल्या. त्यात मैत्रिणीची इमारत पाडायचं ठरलं. दिवाळी झाली की ती मुलाकडे हडपसरला जाणार होती.

"त्याआधी मला तिच्या दारात बसायचंय," सासूबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याने खुर्चीत बसवून नेतो म्हटलं, तर उत्तर मिळालं, "उचलून एकदाच न्या, शेवटचं." मी म्हटलं, स्टूल घेऊन मागून येते. "माझी वरात काढू नकोस."

पुढच्या बैठकीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारी आयटीतली मुलगी उभी राहिली. "काका, हडपसरला एक वर्कशॉप आहे. आपण सगळ्यांनी मिळून प्लॅस्टिक वेस्ट दिलं ना, की ते मेल्ट करून शीट्स बनवतात. त्याचा बेंच बनवून देतील, फ्री. फक्त प्लॅस्टिक क्लीन आणि ड्राय पाहिजे."

अध्यक्षांना या सगळ्यात 'फ्री' तेवढा मराठी वाटला. मी लगेच सुचवलं, बाक जिन्याच्या वळणावर ठेवू या. सोसायटीचा बाक ही काही खासगी वस्तू नव्हे, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला. खाली पोतं लागलं.

पोतं रिकामंच राहिलं. कारण पेठेत प्लॅस्टिक हा कचरा नसतोच. स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते, तिच्यात बाकीच्या सगळ्या पिशव्या असतात, आणि त्यातली प्रत्येक 'चांगली आहे, लागेल कधीतरी' या सदरात मोडते. साडीच्या दुकानाची पिशवी लेकीच्या लग्नापासून जपलेली. आता त्या लेकीच्या लेकीचं लग्न आलं. श्रीखंडाचे डबे तर वारसाहक्काने मिळतात. "आमच्याकडे प्लॅस्टिक नाहीच हो," असं सांगणाऱ्या शेजारणीच्या दारामागून पिशव्या अशा उतू जात होत्या की दार पूर्ण उघडत नव्हतं.

मग अध्यक्षांनी मजल्यांची स्पर्धा लावली. सर्वांत जास्त प्लॅस्टिक देणाऱ्या मजल्याचं नाव फळ्यावर. पुणेकर पृथ्वीसाठी पिशवी सोडत नाही, पण वरच्या मजल्याच्या नाकावर टिच्चून सोडतो. तरीही ठेवणीतल्या पिशव्यांना हात लागला नाहीच. त्याऐवजी लोकांनी नवं प्लॅस्टिक आणायला सुरुवात केली. लिटरची पिशवी घेणारे अर्ध्या लिटरच्या दोन घेऊ लागले. सुटे पोहे बंद झाले, पाकिटातले आले. एका घरात केळीसुद्धा वेष्टनातून आली. पाणी एक दिवसाआड येत होतं, तरी नळाखाली वेफर्सची पाकिटं साबणाने धुतली जात होती, आणि गॅलऱ्यांतल्या दोऱ्यांवर कपड्यांऐवजी दुधाच्या पिशव्या चिमट्यांना लटकत होत्या. कचरा कमी करण्यासाठी इतका कचरा आमच्या इमारतीने कधीच केला नव्हता.

खरं काम सासूबाई करत होत्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा त्या कधीच पूर्ण कापत नाहीत. एवढासा तुकडा मोरीत जाऊन बसतो म्हणून तो पिशवीला लोंबताच ठेवतात. कापलेली पिशवी उलटी करून धुवायची, पुसायची, वाळवायची आणि घडी घालायची. गॅलरीत बसून त्या हे करायच्या आणि फोनवर मैत्रिणीला सांगायच्या, "माझ्या बाकाची फळी करतेय." मैत्रीणही समोरून स्वतःच्या पिशव्या पाठवू लागली. ती आमच्या सोसायटीची सभासद नसल्यामुळे तिचं प्लॅस्टिक घ्यावं का, यावर अध्यक्षांनी दोन दिवस विचार केला.

गणपतीच्या थोडं आधी टेम्पोतून बाक आला. खरंच देखणा होता. करड्या रंगात निळे-पिवळे ठिपके, दोघींना पुरेल एवढा. सासूबाईंनी नवं लुगडं काढावं तशी ठेवणीतली चप्पल काढली. मी खाली जाऊन पाहते तो काय, बाकावर जाड, नवाकोरा प्लॅस्टिकचा कागद चढवलेला आणि सुतळीने करकचून बांधलेला. वर सूचना: 'उद्घाटन होईपर्यंत बसू नये. खराब होईल.'

टाकाऊ प्लॅस्टिकचा बाक खराब होऊ नये म्हणून त्यावर विकतचं प्लॅस्टिक. मी अध्यक्षांची बेल दाबली.

"अहो, तो बाक बसण्यासाठी आहे."

"म्हणूनच तर जपला पाहिजे. पण आपल्यालाच एवढी घाई का?"

"कारण गुडघा माझ्या घरातला आहे."

त्यांनी दार शांतपणे लावून घेतलं. उद्घाटनाला माजी नगरसेवक येणार होते. गणपतीत ते मंडळांत अडकले, मग पितृपक्षात शुभकार्य नको, नवरात्रात त्यांना वेळ नाही, दिवाळीत अध्यक्षच लेकीकडे गेले. सासूबाई एकदा उतरून कागदावर टेकायला गेल्या, तर तो इतका निसरडा की मी धरलं म्हणून नवा गुडघा वाचला. त्या रात्री मला इतका संताप आला की जेवण गेलं नाही. त्या मात्र म्हणाल्या, "लिहिलंय ना बसू नये, मग नको." जन्मभर शाळेत शिकवल्यावर माणसाला लिहिलेल्याचा फार धाक बसतो.

दिवाळी संपली आणि एका सकाळी समोर टेम्पो लागला. गाद्या, कपाट, तुळशीची कुंडी. सासूबाईंनी गॅलरीतून पाहिलं, आत गेल्या आणि दुधाची पिशवी कापायची कात्री घेऊन बाहेर आल्या. मी मागे धावले. कठडा धरून त्या वळणापर्यंत उतरल्या, सुतळी कापली, कागद एका कडेने सरळ चिरला आणि बाकावर बसल्या. आवाज ऐकून अध्यक्ष जिन्यात आले.

"अहो काकू, रविवारी उद्घाटन आहे. पाहुणे येणार आहेत."

"येऊ देत की. मी बाक घेऊन जात नाहीये."

दम खाऊन झाल्यावर त्या उठल्या. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पोत्यात टाक. धुवायची गरज नाही, कोराच आहे." मग उरलेला जिना उतरून, गल्ली ओलांडून मैत्रिणीच्या दारात गेल्या. तिथे बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोघी बांधलेल्या ट्रंकेवर बसल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला आणि त्या हडपसरला दूध कुठलं मिळतं यावर बोलत राहिल्या.

रविवारी उद्घाटन झालं. त्यासाठी बाकाला पुन्हा नवा कागद घातला होता, पाहुण्यांना फाडायला मिळावा म्हणून. अध्यक्षांनी भाषणात ज्येष्ठांच्या सोयीचा उल्लेख केला. सासूबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

आता त्या रोज संध्याकाळी वळणापर्यंत उतरतात, बाकावर बसतात आणि हडपसरला फोन लावतात. बोलणं झालं की कठडा धरून परत वर येतात. एकदा मी विचारलं, "आई, आता बाक आहे, गुडघाही बरा आहे. खालपर्यंत का नाही जात?"

"खाली कोण आहे?" त्या म्हणाल्या.